मुदखेडची सुटी

नांदेड जिल्ह्यात मुदखेड नावाचे तालुक्याचे गाव आहे. ते नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवर असेल. जिल्ह्याच्या नकाशात गाव लहान दिसते. परंतु आगगाडीच्या नकाशात त्याला मान आहे, कारण तेथे रुळांना फाटा फुटतो. मनमाडहून निघालेला लोहमार्ग जालना, परभणी, नांदेड करीत मुदखेडास येतो. तेथून एक वाट उमरी, धर्माबाद, बासर या गावांवरून निजामाबादेकडे आणि पुढे सिकंदराबादेकडे जाते. दुसरी वाट भोकर, हिमायतनगर, किनवट अशी रानातून वळत आदिलाबादेस पोहोचते. मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पुरा झाला. त्या वेळी रूळ अरुंद होते. आता ते रुंद झाले आहेत. गावच्या माणसास कोणी 'कोठले?' असे विचारले, तर तो नुसते 'मुदखेड' म्हणत नाही. 'मुदखेड जंक्शन' म्हणतो.

या जंक्शनावर एक सांधेवाला नोकरीस होता. गाडी कोणत्या रुळावर जावी हे ज्या सांध्याने ठरते, तो सांधा सांभाळणारा तो सांधेवाला. त्याच्या घरी आई, आजोबा, एक धाकटा मुलगा आणि आठवीची परीक्षा दिलेली एक मुलगी होती. धाकटा तिला ताई म्हणे. त्याचे ऐकून सारी चाळ तिला ताई म्हणू लागली होती. येथेही तेवढे नाव पुरेसे आहे.

वडिलांची बदली होऊन हे कुटुंब जालन्याहून मुदखेडास आले, त्याला अजून वर्ष झाले नव्हते. जालना सोडताना ताई फार रडली होती. तेथे मोठी बाजारपेठ होती, मोती तलाव होता, आणि मुख्य म्हणजे तेथे तिच्या दोन जिवलग मैत्रिणी होत्या. एक अतिशय बोलकी आणि दुसरी तितकीच अबोल. मुदखेडास आल्यावर ताईस वाटे, आपण फार खालच्या पायरीवर उतरलो. आणि मैत्रिणींना ते कळू नये, अशी तिची धडपड असे.

श्रावणात वडिलांनी तिला सहस्रकुंडास नेले. पैनगंगा नदी तेथे काळ्या खडकावरून खाली उडी घेते. पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्हा, अलीकडच्या तीरावर नांदेड. त्या दिवशी नदी भरून वाहत होती. पाण्याचा आवाज दुरूनच ऐकू येत होता आणि तुषारांनी अंगावरचे कपडे ओले होत होते. घरी येताच ताईने जालन्यास लांबलचक पत्र लिहिले. 'आमच्या येथे हजार कुंडांचा धबधबा आहे. आमच्याच गाडीने तेथे जाता येते. सहस्रकुंड नावाचे स्टेशनच आहे. तुम्ही सुटीत या, मी तुम्हांला तो दाखवीन.' पत्रातला धबधबा जणू तिच्या परसातच होता. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. सुटी मे महिन्यात लागते, श्रावणात नव्हे.

मैत्रिणींनी पत्राचा शब्द धरून ठेवला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आठ दिवसांसाठी येतो, असा त्यांचा निरोप आला. बोलकीचे मामा निजामाबादेस जाणार होते. ते त्यांना वाटेत मुदखेडास उतरवून देणार होते. निरोप ऐकून ताईस आनंद झाला आणि पोटात गोळाही उठला. आईस मात्र निराळीच चिंता पडली. उन्हाळ्यात नळास एक दिवसाआड पाणी येई, आणि तेही पहाटे. घरची पाच माणसे त्या पाण्यात काटकसरीने दिवस काढीत. त्यांत आणखी दोन माणसे यायची, म्हणजे दोन जणींचे पिणे, नाहणे आणि धुणे आले. आई म्हणाली, "भाकरीची मला काळजी नाही गं. जेवायला आणखी दोघी आल्या तर पीठ दोन मुठी जास्त मळीन. पाणी कोठून मळू?" परंतु 'येऊ नका' असे मराठवाड्यातील कोणती आई कळविते? तिने शेजारणीकडून दोन रिकाम्या टाक्या मागून आणल्या.

पाहुण्या आल्या त्याच दिवशी रात्री बोलकीने विचारले, "धबधबा केव्हा?"

"जाऊ की," ताई म्हणाली. "बाबांच्या सुटीच्या दिवशी जाऊ. आधी इतर ठिकाणे पाहू."

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाच्या आवाजाने मैत्रिणी जाग्या झाल्या. आई आणि ताई घागरी भरीत होत्या. कोणी काही सांगितले नाही. पण अबोल मैत्रीण उठली, तिने पदराऐवजी ओढणी खोचली आणि बादली उचलली. तिच्या मागोमाग बोलकीही आली. त्या दिवसापासून पाण्याच्या पहाटे चौघींची रांग लागू लागली, आणि नाहण्याचे पाणी अंगणातील तुळशीस आणि पपईस कसे पोहोचवावे, याची युक्ती धाकट्याने काढली. आईची चिंता निम्मी झाली. पूर्ण गेली असे म्हणता येणार नाही.

मुदखेडच्या आसपास फुलांची शेती होते. गुलाब, गलांडा, मोगरा, काकडा यांचे मळे तेथे आहेत. शेजारच्या काकूंच्या भावाचा मोगऱ्याचा तुकडा होता. तेथे तिघी एकदा उजाडण्यापूर्वी गेल्या. मोगरा कळीतच खुडावा लागतो. फूल उमलले की बाजार गेला. म्हणून मळेकरी अंधारातच कामास लागतात. देठ नखाने हलकेच तोडायचा, कळी दाबायची नाही, ओंजळ भरली की ओल्या फडक्यात टाकायची. बोलकीने तासाभरात जेवढ्या कळ्या खुडल्या, तेवढ्या काकूंनी बोलता बोलता चिमटीसरशी खुडल्या होत्या. उजाडता उजाडता त्या कळ्या बाजाराच्या वाटेस लागल्या. कोण्या परक्या घरच्या वेणीत त्या संध्याकाळी उमलणार होत्या. काकूंनी मुलींना मजुरी म्हणून एकेक ओंजळ दिली. घर दिवसभर दरवळत राहिले.

नांदेडास आई बरोबर आली. शिखांचे दहावे गुरू श्री गुरु गोविंदसिंग १७०८ साली नांदेडास आले आणि त्याच वर्षी त्यांनी तेथे देह ठेवला. त्यांच्या स्थानी जो सचखंड गुरुद्वारा आहे, त्याची इमारत पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. मुलींनी मस्तक झाकले, पाय धुतले, दर्शन घेतले आणि लंगरच्या पंगतीत बसल्या. पंजाबहून आलेले शेतकरी, हैदराबादचे व्यापारी, स्टेशनावरचे हमाल अशी सारी एकाच रांगेत बसली होती. जेवण झाल्यावर अबोल मैत्रीण उठून वाढणाऱ्यांत सामील झाली. तिला कोणी अडविले नाही. एका वृद्ध सरदारजींनी तिच्या हाती पोळ्यांची टोपली दिली, एवढेच. नंतर सर्व जणी गोदावरीच्या घाटावर गेल्या, नदीकाठचा जुना किल्ला बाहेरून पाहिला आणि उन्हाने हैराण होऊन सायंकाळच्या गाडीने परतल्या. मेमधले नांदेड दुपारी हिंडण्यासारखे नसते.

बासरला आजोबा घेऊन गेले. गाडी उमरी स्टेशनात थांबली तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखविले.

"हे गाव ध्यानात ठेवा. हैदराबाद संस्थान मोकळे व्हावे म्हणून जे लढले, त्यांनी १९४८ च्या जानेवारीच्या ३० तारखेला येथील बँकेवर धाड घातली. वीस लाखांहून अधिक रुपये नेले. लढ्याला पैसा हवा होता ना! आणि त्याच संध्याकाळी दिल्लीस गांधीजींचा खून झाला."

"म्हणजे ते चोर होते का, आजोबा?" धाकट्याने विचारले.

डब्यातील दोन-तीन माणसे हसली. आजोबा मात्र हसले नाहीत. "माझ्या वडिलांना मीही हेच विचारले होते," ते म्हणाले. "ते म्हणाले, चोर पैसे घरी नेतो. यांनी पै-पैचा हिशेब ठेवला. पुढे सप्टेंबरच्या १७ तारखेला संस्थान भारतात आले, आणि आपल्या शाळेवर तिरंगा लागला." धाकट्याचे समाधान झाले की नाही, कोणास ठाऊक, धर्माबाद येईपर्यंत तो गप्प होता. धर्माबादेस मिरचीचा मोठा बाजार भरतो. तेथे मात्र तो सारखा शिंकू लागला.

बासर हे गोदावरीच्या काठचे गाव तेलंगणात आहे. स्टेशनावरील पाट्या तेलुगू लिपीत पाहून मुलींना परदेशी आल्यासारखे वाटले, आणि फलाटावरील चहावाला मराठीत बोलला तेव्हा त्याहून अधिक नवल वाटले. सरहद्दीवरच्या गावांत माणसे दोन-तीन भाषा सहज बोलतात. येथील सरस्वतीच्या मंदिरात लहान मुलांचा अक्षरारंभ करतात. दूरदूरचे लोक त्यासाठी मुलांना घेऊन येतात. एक चार वर्षांचा मुलगा हातात पाटी घेऊन मोठमोठ्याने रडत होता. त्याला अक्षर नको होते, बाहेरची शिटी हवी होती. शेवटी बापाने शिटी आणून दिली, आणि एका हातात शिटी धरून दुसऱ्या हाताने त्याने आयुष्यातले पहिले अक्षर काढले. ते कोणत्या भाषेतले होते, हे मुलींना ओळखता आले नाही.

परतताना बोलकीने पुन्हा विचारले, "धबधबा केव्हा?" ताईने खिडकीबाहेर पाहिले.

मग एक दिवस असा आला की, कोठे जाण्याची सोयच नव्हती. ऊन इतके कडक होते की, दहा वाजताच रस्ता ओस पडला. आईने पन्हे केले, खिडक्यांना ओले पडदे लावले. त्याच दिवशी ताईस शाळेतील भूगोलाच्या बाईंचे एक वाक्य आठवले. मे महिन्याच्या मध्यास एका दुपारी आपल्या गावी सावली नाहीशी होते, असे बाईंनी सांगितले होते.

"बारा वाजता सावली पायाखाली येतेच," आजोबा म्हणाले. "त्यात नवे काय?"

"येते, पण पूर्ण जात नाही. एरवी ती थोडी उत्तरेला किंवा दक्षिणेला उरते," ताई म्हणाली. तिने अंगणात सरळ कडांचा एक उभा डबा ठेवला आणि त्याच्या सावलीच्या टोकाशी कोळशाने रेघ मारली. बारा वाजले. सावली होतीच. आजोबा मिशीत हसले. बारा वाजून दहा मिनिटे झाली. रेघा आखूड होत गेल्या. सव्वाबाराच्या सुमारास डब्याच्या सभोवती कोठेही काळे उरले नाही. रस्त्यावर विजेचा खांब उभा होता. त्याची सावली त्याच्याच बुडात शिरली होती. धाकटा ऊन विसरून अंगणात उड्या मारू लागला, कारण उडी मारली की त्याची सावली नेमकी त्याच्या पावलांखाली पडे.

घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेले आहे. मुदखेड त्याच्या पश्चिमेस आहे, म्हणून सूर्य तेथे माथ्यावर थोडा उशिरा येतो. सूर्य उन्हाळ्यात रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो. ज्या दिवशी तो ठीक गावाच्या अक्षांशावर येतो, त्या दिवशी मध्यान्ही सावली पडत नाही. कर्कवृत्तापर्यंत जाऊन तो मागे फिरतो, तेव्हा जुलैच्या अखेरीस मुदखेडास पुन्हा तसाच दिवस येतो. परंतु तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते, आणि तो दिवस कोणाच्या ध्यानातही येत नाही. दिल्लीस मात्र असा दिवस कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे.

अबोल मैत्रीण बराच वेळ नकाशाच्या पुस्तकात डोके घालून बसली होती. ती एकदम म्हणाली, "जालना मुदखेडच्या थोडे उत्तरेला आहे. म्हणजे तेथे हे अजून व्हायचे आहे." तिने बोटांवर हिशेब केला. "तीन-चार दिवसांनी. तोवर आपण घरी पोहोचू."

आजोबांनी कोळशाच्या रेघा संध्याकाळपर्यंत कोणास पुसू दिल्या नाहीत.

शेवटी वडिलांच्या सुटीचा दिवस उजाडला. आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, अर्धापूरची केळी दिली. सकाळची गाडी भोकर ओलांडून टेकड्यांत शिरली. सागाची झाडे पाने झडून उभी होती. बोलकी मैत्रीण सारखी दूरचा आवाज येतो का ते ऐकत होती. ताई एक शब्दही बोलत नव्हती.

सहस्रकुंडास पोहोचल्यावर आवाज आला नाही. नदीचे पात्र काळ्या खडकांनी भरलेले होते. वरच्या अंगास ईसापूरचे धरण आहे. पावसाळ्याचे पाणी तेथे साठवितात, आणि उन्हाळ्यात नदी तशीही क्षीण होते. उंच कड्यावरून करंगळीएवढी एक धार ओघळत होती. खाली डोहात हिरवट पाणी होते.

"हा?" बोलकीने विचारले.

ताईचा चेहरा उतरला. "मी श्रावणात पाहिला होता," ती म्हणाली. "तेव्हा खूप पाणी होते. उन्हाळ्यात नसेल हे मला... नंतर कळले. पण मी तुम्हांला कळविले नाही. तुम्ही आला नसता." आणि इतके दिवस धरून ठेवलेले रडू तिला आवरले नाही.

बोलकी मैत्रीण प्रथमच काही बोलली नाही. वडीलही गप्प राहिले; ते पुढे होऊन खडकांवरून खाली उतरण्याची वाट पाहू लागले. तेवढ्यात धाकट्याची हाक आली. "ताई, येथे रांजण आहेत, दगडाचे!"

सगळी जणे खाली उतरली. खडकात खळगे होते. कोठे वाटीएवढे, कोठे घागरीएवढे. त्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या होत्या. काहींच्या तळाशी गोल गोटे पडलेले होते. वडिलांनी एक गोटा उचलून दाखविला. पुराच्या पाण्याबरोबर असा गोटा खडकाच्या खाचेत अडकतो आणि भोवऱ्यात सापडून गरगर फिरत राहतो. पाटा जसा वरवंट्याने झिजतो, तसा खडक गोट्याने झिजतो आणि गोटाही झिजतो. अशी शेकडो वर्षे गेली म्हणजे खडकात रांजण तयार होतो. अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, तेथे कुकडी नदीच्या पात्रात निघोज येथे असे प्रचंड रांजणखळगे आहेत. श्रावणात ताई येथे आली होती तेव्हा यातला एकही खळगा तिला दिसला नव्हता. सारे पाण्याखाली होते.

शेळ्या घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी कड्यावर काठी रोखली. "बरसातीत पाणी तिथवर चढते," ते म्हणाले. ते ठिकाण मुलींच्या डोक्यांच्या फार वर होते. "तवा इथं माणूस उभं राहत नाही. वर पाऊस झाला की इथं ऊन असतानाबी लोंढा येतो. पावसाळ्यात आलात तर लांबूनच बघा पोरींनो."

कड्याच्या पायथ्याशी एक सपाट, गार खडक होता. वर दगडाची पडवी आली होती, म्हणून तेथे ऊन पोहोचत नव्हते. पावसाळ्यात सारी नदी जेथे कोसळते, नेमक्या त्या जागी बसून पाच जणांनी धपाटे खाल्ले. करंगळीएवढ्या धारेखाली धाकट्याने केळी धुतली. केळी धुण्याची काही गरज नव्हती. बोलकीस पुन्हा वाचा फुटली. खळग्यांस नावे देण्याचा खेळ तिने सुरू केला. एका खळग्यास तिने आजोबांचे, एकास आईच्या पाण्याच्या टाकीचे नाव दिले. अबोल मैत्रिणीने खळगे मोजायला घेतले. एकशे चाळीसपर्यंत मोजल्यावर गाडीची वेळ झाली.

"हजार भरायला पुन्हा यावे लागेल," ती म्हणाली.

आठ दिवस संपले. निघण्याच्या पहाटेस नळाला पाणी येण्याचा वार होता. पाहुण्यांनी टाक्या भरून दिल्या आणि मगच वेण्या घातल्या. आईने त्यांच्या ओच्यात पापड, मोगऱ्याच्या कळ्या आणि कैरीचे लोणचे बांधले. गाडी हलली तेव्हा वडील दूर सांध्याजवळ उभे होते. गाडी जालन्याच्या रुळावर नीट चढली, तेव्हा त्यांनी हात वर केला.

दोन दिवसांनी दुपारी जालन्याहून फोन आला. बोलकीच्या मागून अबोलही ओरडत होती. तेथली सावली नुकतीच गेली होती; मुदखेडपेक्षा काही मिनिटे उशिरा, असे त्यांनी घड्याळ पाहून ठरविले होते. सारी गल्ली अंगणात उभी होती.

पुढे श्रावण आला. पैनगंगेस पाणी चढले. ताई वडिलांबरोबर पुन्हा सहस्रकुंडास गेली आणि शेळ्यावाल्या बाबांनी सांगितले होते तशी लांब उभी राहिली. वडिलांच्या फोनवर तिने धबधब्याचे छायाचित्र काढले आणि जालन्यास पाठविले. बोलकीचे दहा निरोप आले. अबोल मैत्रिणीचा एकच ओळीचा आला. 'आपण धपाटे खाल्ले तो खडक यात कोठे आहे?'

ताईने छायाचित्र पुन्हा नीट न्याहाळले. त्या जागी नुसते पांढरे पाणी होते. तिने तेथे बोटाने एक तांबडा ठिपका काढला आणि ते परत जालन्यास पाठविले.